टाकीतली हवा

सांगलीच्या मार्केट यार्डात माल उतरवून जुनी पिकअप मिरज रस्त्याच्या एखाद्या पंपावर लागते आणि मग जे सुरू होतं ते तिथल्या प्रत्येकाच्या सवयीचं झालेलं असतं. नॉझल आत जातं, दीड-दोन लिटर पडतात आणि खट्. पुन्हा दाबलं की लिटरभर, पुन्हा खट्. पंपावरचा मुलगा म्हणतो, "मामा, गाडी डिझेल घेईना." मामा म्हणतात, "गाडीला काय धाड भरलीय, तुझं नॉझलच बाद झालंय." मागे दोन ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभे असतात. शेवटी मुलगा हँडल अर्धवट दाबून धार बारीक करतो, आणि जे काम दीड मिनिटात व्हायचं त्याला सात-आठ मिनिटं जातात.

हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं याचं वाईट वाटतं. इंजिनचा आवाज जरा बदलला तर गॅरेज गाठणारा माणूस डिझेल हळू भरतंय म्हणून कधी गाडी दाखवत नाही. गाडी जुनी झाली, चालायचंच, असं म्हणून सोडून देतो. खरं तर वयाचा संबंध इतकाच की रबर जुनं होतं. बहुतेक गाड्यांत हे काम दीड मीटर होज म्हणजे रबरी पाइप, चार क्लिपा आणि अर्ध्या दिवसाचं असतं. फक्त दुखणं कुठे आहे ते आधी नीट कळायला हवं, कारण ते डिझेलच्या वाटेत क्वचितच सापडतं.

रिकामी टाकी रिकामी नसते, ती हवेनं भरलेली असते. ६० लिटरच्या टाकीत ५० लिटर डिझेल घालायचं तर ५० लिटर हवा बाहेर काढावी लागते, आणि ज्या वेगानं डिझेल आत येतं त्याच वेगानं. लहान गाड्यांसाठीचं साधं नॉझल मिनिटाला ४० लिटरच्या आसपास सोडतं. म्हणजे दर सेकंदाला पाऊण लिटरच्या जरा आत इतकी हवा टाकीतून निघून जायला हवी. विहिरीत कळशी उपडी बुडवली की ती भरत नाही, तिरकी केली की बुडबुड करत भरते, तेच हे. जुनी पिकअप ज्या पंपावर खट् खट् करते तिथे तिची कळशी उपडी धरलेली असते.

नॉझल बंद का पडतं हेही बघून ठेवण्यासारखं आहे. त्याच्या टोकापाशी एक बारीक भोक असतं आणि तिथून आतल्या आत एक बारीक नळी हँडलपर्यंत गेलेली असते. डिझेल जोरात वाहत असताना हँडलमधल्या एका अरुंद जागी दाब कमी होतो आणि त्या नळीतून हवा ओढली जाते. भोक उघडं आहे तोवर हवा येत राहते. भोकावर डिझेल किंवा फेस चढला की हवा तुटते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. टाकी भरली की नाही हे नॉझलला कळायची सोयच नाही. त्याला फक्त भोक झाकलं गेलं एवढं कळतं. टाकी पाव भरलेली असो, गळ्यात, म्हणजे नॉझल ज्या नळीत घालतात तिच्यात, डिझेल तुंबून त्या भोकापर्यंत आलं की ते बंद होणार. त्यात डिझेलला पेट्रोलपेक्षा फेस जास्त, म्हणून डिझेल गाड्यांत हा त्रास आधी आणि जास्त दिसतो.

याच रचनेतून आणखी एक गोष्ट निघते आणि ती धोक्याची आहे. धार फार बारीक ठेवली तर हँडलमध्ये ती ओढ पुरेशी तयारच होत नाही. म्हणजे हळू भरताना खटका सुटेलच याची खात्री नाही. गळा भरून डिझेल अंगावर येतं ते बहुतेक वेळा अशाच वेळी, हँडल अर्धवट दाबून मुलगा मीटरकडे बघत असताना.

आता गाडीखाली वाकून बघू. साध्या पिकअपच्या टाकीला मोठा रबरी पाइप येतो, आतून साधारण ३५ ते ५० मिलीमीटर. त्याच्या शेजारून एक बारीक पाइप जातो, आतून १२ ते १६ मिलीमीटरचा. तो टाकीच्या वरच्या अंगापासून निघून गळ्यात तोंडाच्या जरा खाली मिळतो. हा हवेचा पाइप. भरताना टाकीतली हवा यातूनच वर येते आणि नॉझलच्या बाजूनं बाहेर पडते. तिसरी एक अगदी बारीक नळी असते, ती ब्रीदर. गाडी चालताना डिझेल कमी होतं, त्याच्या जागी हवा आत घेण्याचं काम ब्रीदरचं; काही गाड्यांत ते काम झाकणातल्या व्हॉल्व्हवर सोपवलेलं असतं. हवेचा पाइप आणि ब्रीदर यांची गल्लत गॅरेजमध्येसुद्धा होते. खूण सोपी आहे. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला, किंवा गाडी तीस-चाळीस किलोमीटरनंतर दम सोडते आणि झाकण उघडून लावलं की पुन्हा नीट धावते, तर ब्रीदर किंवा झाकणाचा व्हॉल्व्ह बंद आहे. तो तसाच राहू दिला तर टाकीचे पत्रे आत ओढले जातात. पण त्याचा भरण्याशी संबंध नाही. भरताना झाकण हातात असतं, त्यामुळे नवं झाकण घेऊन डिझेल भराभर जाईल ही आशा धरू नये.

हवेच्या पाइपाचा हिशोब डोळे उघडणारा आहे. पाइप आतून १२ मिलीमीटरचा असेल आणि डिझेल मिनिटाला ४० लिटरनं येत असेल तर त्यातून हवा सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगानं जाते. काही विशेष नाही, सहज निभतं. आता आत घाण साचून किंवा रबर फुगून तोच पाइप ६ मिलीमीटरचा झाला. व्यास अर्धा झाला, पण वाट चौथाई झाली. हवेला चौपट वेगानं पळावं लागतं आणि त्यासाठी लागणारा दाब सोळापट होतो. तो दाब आणायचा कुठून? गळ्यात डिझेलचा थर उभा राहूनच तो येतो. पिकअपचा गळा मुळात आखूड, टाकीच्या माथ्यापासून तोंडापर्यंत चढ थोडाच. थर चढला की भोक झाकलं. म्हणून पाइप अर्धा बुजला की भरणं थोडं हळू होतं असं नाही, ते एकदम बिघडतं.

पण बुजलेला पाइप निदान सापडतो तरी. जास्त फसवतो तो पोट आलेला पाइप. हवेचा पाइप टाकीपासून तोंडापर्यंत सलग चढता असला पाहिजे. मध्ये कुठे तो लोंबला की त्या खोलगट जागेत डिझेल साचतं. टाकी काठोकाठ भरल्यावर किंवा वळणावर हिंदकळून ते तिथे येतं आणि परत उतरत नाही. पाइप आतून स्वच्छ, फुंकर मारली तर हवा जाते, मेकॅनिक म्हणतो पाइपात काही नाही. पण त्या पोटात सहा सेंटिमीटर डिझेल उभं असेल तर टाकीतल्या हवेला ते आधी ढकलावं लागतं, म्हणजे गळ्यात तितकाच डिझेलचा थर जास्त चढतो. हवेला ते जमत नाही. मग ती मोठ्या पाइपातूनच उलटी वर यायला बघते, येणाऱ्या डिझेलशी झोंबत. गळ्यातून गुडगुड आवाज येतो, फेस उसळतो, खटका सुटतो. हे दुखणं पाइप काढून टेबलावर ठेवल्यावर कधीच दिसणार नाही, ते जागेवरच बघावं लागतं.

जुन्या पिकअपमध्ये असं पोट येतं त्याला कारणं आहेत. टाकी चेसिसला बांधलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत तोंड हौद्याला असतं. हौदा आणि चेसिस यांच्यामधली रबरं वर्षानुवर्षं उसाचं बेणं, खताची पोती, खडी वाहून चपटी होतात. हौदा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली बसला की तोंडही तितकं खाली आलं, आणि मधला पाइप तेवढाच लांब राहिल्यानं सैल पडला. टाकीच्या पट्ट्याखालचं रबर गेलं असेल तर टाकी एका बाजूला कलते, तिथे हवेच्या पाइपाचं तोंड वेळेआधीच डिझेलखाली जातं आणि टाकी पाऊण भरली की भरणं अडतं. शिवाय आपल्याकडे गाडी कंपनीच्या हौद्यासह फार काळ राहत नाही. द्राक्षाच्या क्रेटसाठी, दुधाच्या कॅनसाठी, जनावरांसाठी हौदा बदलून, उंचावून, जाळी लावून घेतला जातो. बॉडी बांधणाऱ्या कारागिराचं लक्ष वेल्डिंगच्या मजबुतीवर असतं आणि ते बरोबरच आहे, पण आडवा अँगल नेमका पाइपावर बसतो किंवा तोंड वीतभर पुढे सरकतं. मग मोठा पाइप जवळजवळ आडवा होतो आणि डिझेल त्यात पसरून उभं राहतं. नवा हौदा घातल्यापासून डिझेल हळू जातंय असं कुणी सांगितलं तर बाकी काही तपासण्याआधी तो अँगल बघावा.

खरोखर बुजलेले पाइपही असतात. ऊस-द्राक्षाचा हंगाम संपला की गाडी दोन-तीन महिने शेडमध्ये उभी राहते आणि कुंभारमाशीला अशी बोटभर रुंदीची, कोरडी, आडोशाची नळी फार आवडते. हौदा बदलताना सुटा राहिलेला पाइप, झाकण हरवलेलं तोंड, ब्रीदरचं उघडं टोक, कुठेही ती चिखलाचं घर बांधते आणि ते वाळून दगड होतं. झाकणाऐवजी चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी बांधून फिरणाऱ्या गाड्यांत धूळ आणि भुसा गळ्यातच साचतो. कृष्णाकाठी याला पुराची जोड आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात राहिल्या त्यांचं इंजिन, वायरिंग, सीट धुऊन काढलं गेलं. हवेच्या पाइपाकडे बहुतेकांनी बघितलं नाही. नदीचा बारीक गाळ नळीत शिरला की वाळून आतल्या भिंतीला लेप चढतो आणि टाकीत गेलेलं पाणी आतून गंज धरतं. सांगली, पलूस, शिरोळकडची पूर बघितलेली जुनी गाडी विकत घेत असाल तर हा पाइप एकदा उघडून बघा.

सर्वांत लबाड बिघाड रबराच्या आतला. बाहेरून होज ठणठणीत, आत मात्र अस्तर सुटून पापुद्रा लोंबतोय. एका बाजूनं फुंकलं तर हवा जाते, दुसऱ्या बाजूनं फुंकलं की पापुद्रा आडवा येतो. कुणीतरी पाण्याचा साधा पाइप लावलेला असेल तर तो डिझेलनं फुगून आतून अरुंद होतो.

आता शोधायचं कसं. आधी दुसऱ्या पंपावर, दुसऱ्या नॉझलनं भरून बघा. काही नॉझल खरंच हळवी झालेली असतात आणि ट्रकचं जाड नॉझल दुप्पट वेगानं सोडतं, त्याला जुनी पिकअप पुरी पडत नाही. दोन-तीन ठिकाणी तेच झालं की दोष गाडीचा. मग खटका कधी सुटतो ते लक्षात ठेवा. रिकाम्या टाकीतही पहिल्या लिटरपासून सुटत असेल तर हवेचा पाइप पुरता बंद आहे किंवा गळ्यात काहीतरी अडकलंय. अर्ध्यापर्यंत नीट आणि पुढे त्रास, तर पाइपाला पोट आलंय किंवा टाकी कलली आहे. फक्त शेवटच्या चार-पाच लिटरला त्रास असेल तर तो बिघाड नव्हे, टाकी भरत आली आहे. टाकीच्या तळातला गाळ फिल्टरला छळतो, भरण्याला नाही. केवळ यासाठी टाकी उतरवून धुण्याचा खर्च करू नका.

पुढची परीक्षा घरी किंवा गॅरेजमध्ये, गाडी सपाट जागी लावून. कॅनमधून नरसाळ्यानं पाच लिटर डिझेल ओता आणि त्याच वेळी दुसऱ्यानं बॅटरीच्या उजेडात गळ्यात बघावं. तोंडाच्या तीन-चार बोटं खाली, एका अंगाला, करंगळीएवढं भोक दिसतं. ते हवेच्या पाइपाचं तोंड. नरसाळं जरा बाजूला धरून त्या भोकाशी बोट नेलं की चांगल्या गाडीत हवेची झुळूक स्पष्ट लागते. झुळूक नाही आणि नरसाळ्याच्या कडेनं बुडबुडे येतायत, तर निदान झालं. मग हवेच्या पाइपाची वरची क्लिप सोडा, पाइप तोंडापेक्षा उंच धरा आणि पुन्हा ओता. आता हवा सुटली तर अडथळा गळ्याच्या लोखंडी टोकात, तार फिरवून तो निघतो. तरीही सुटली नाही तर पाइपात किंवा टाकीच्या माथ्यावरच्या टोकात.

पाइप बदलायचा तर टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना बदला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. जुना पाइप काढण्याआधी तो कुठून कसा जातो याचा फोटो घ्या. हे न केल्यानं नवा पाइप चुकीच्या वाटेनं जातो आणि पोट जिथल्या तिथे राहतं. टोक चिकटलं असेल तर ओढू नका, टाकीचा नळीचा तुकडा वाकतो किंवा त्याचं झाळकाम सुटतं. ब्लेडनं होजला उभी चीर द्या, तो उलगडून निघतो. दुकानात "डिझेलचा होज" असं सांगूनच मागा आणि आतला व्यास मोजून द्यायला लावा. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप घेऊ नका, काही महिन्यांत तो कडक होतो आणि टोकाला तडकतो. मोठा पाइप ढिला पडून लोंबत असेल तर दोन-तीन सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा, बहुतेक वेळा नवा घ्यावाच लागत नाही. नवा हवेचा पाइप मोठ्या पाइपाला वीत-सव्वा वीत अंतरानं बांधा, म्हणजे तो त्याच्यासोबत सलग चढत जाईल. शेवटी गाडीखाली आडवं होऊन टाकीपासून तोंडापर्यंत त्याच्यावरून बोट फिरवा. बोट कुठेही खाली उतरता कामा नये. सायलेन्सरपासून आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून तो लांब आहे हेही बघा. हौद्याची रबरं चपटी झाली असतील तर तीही बदला, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच.

कॉम्प्रेसरबद्दल जरा जोर देऊन सांगायला हवं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी हवेच्या पाइपात खुपसून फुंकायची, हा उपाय सगळीकडे चालतो आणि तो टाकीचा घात करतो. टाकीचा पत्रा ६० बाय ४० सेंटिमीटरचा धरला तर आत नुसता पाच पौंडाचा दाब साचला तरी त्या पत्र्यावर साडेआठशे किलोच्या आसपास जोर येतो. कॉम्प्रेसरमध्ये शंभरावर पौंड असतात. पाइप दोन्हीकडून सोडवून, टाकीपासून वेगळा करूनच फुंका. टाकीच्या बाजूचं टोक मोकळं आहे का बघायला सायकलचा हातपंप पुरतो, आणि तेव्हाही झाकण उघडं ठेवा. काही गाड्यांत टाकीच्या माथ्यावर गोळीचा व्हॉल्व्ह असतो, गाडी उलटली तर डिझेल सांडू नये म्हणून. तो गंजून अडकला की हवा अडते. काढून हलवल्यावर आत गोळी खुळखुळायला हवी. खुळखुळत नसेल तर नवा घाला. तो काढून टाकून सरळ पाइप जोडून देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. खंबाटकीच्या वळणावर उलटलेल्या गाडीला त्याच व्हॉल्व्हची गरज असते.

रात्री धाब्यावर डिझेल चोरीला जातं म्हणून गळ्यात जाळी बसवतात. चोरीचं दुःख खरं आहे, पण बारीक भोकांची चपटी जाळी धारेला जागीच उडवते आणि फेस करते. जाळी घ्यायचीच तर लांब, निमुळती, मोठ्या भोकांची घ्या आणि वर्षातून एकदा काढून धुवा. टाकीलाच थेट झाकण असलेल्या जुन्या गाड्यांत हवेचा वेगळा पाइप नसतो, तिथे मंद भरण्याला बहुतेक वेळा ही जाळीच कारण असते.

दुरुस्ती होईपर्यंत पंपावर थोडं निभावता येतं. तोंडाची बाजू जरा उंच राहील अशी गाडी लावा. नॉझल पूर्ण आत घालून मग तीन-चार सेंटिमीटर मागे ओढा, आणि पाव वळसा फिरवून बघा. भोक वरच्या अंगाला आलं की ते उशिरा झाकलं जातं. हँडलची सर्वांत खालची खाच वापरायला सांगा, पण हळू धारेत खटका सुटेलच असं नाही, म्हणून नजर गळ्यावर ठेवा. "दादा, जरा हळू सोड, गाडीची हवा अडतीय," एवढं आधी सांगितलं की पुढचा वाद टळतो. आणि मापाची शंका असेल तर वाद घालण्यापेक्षा पंपावरचं पाच लिटरचं माप मागा, ते दाखवणं पंपाला बंधनकारक आहे.

हे सगळं डिझेलबद्दल. पेट्रोलच्या गाडीत कॅन-नरसाळ्याची परीक्षा घरी करू नका, पाइप उघडा ठेवून भरू नका. आणि टाकी गळत असेल तर, डिझेलची असो की पेट्रोलची, रिकामी करून लगेच वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. धुऊन, वाफ काढून काम करणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच ती द्या.

पाइप बदलल्यावर पहिल्यांदा भरताना पहिल्या खटक्याला थांबा. रुपयांचा आकडा गोल करण्यासाठी वर अर्धा-एक लिटर रेटलेलं डिझेलच हवेच्या पाइपात जाऊन बसतं. शिवाय पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं डिझेल थंड असतं; मे महिन्यात जत-आटपाडीच्या उन्हात गाडी उभी राहिली आणि ते पंधरा अंशांनी तापलं तर ६० लिटरचं पाऊण लिटर वाढतं. तेवढी जागा वर मोकळी हवी. आठवड्याभरानं चारही क्लिपांवर एकदा स्क्रू-ड्रायव्हर फिरवा. नवं रबर बसलं की क्लिप अर्ध्या आट्यानं तरी ढिली झालेली सापडते.